तिसरी-चौथीची स्पॅनिश

स्पॅनिश मी प्राथमिक शाळेत शिकले. तेव्हा माझं वय त्रेचाळीस होतं आणि त्याच शाळेत मराठी शिकवायला लागून मला पंधराएक वर्षं झाली होती.

आमची शाळा यवतमाळातून लोहाऱ्याकडे जाताना लागते. पहिली ते चौथी, सेमी इंग्लिश. पिवळी इमारत, समोर कडुनिंब आणि कडुनिंबाखाली मुलांना आणणारे ऑटो. मुलं दोन तऱ्हेची. काही गावातल्या नोकरदारांची, काही घाटंजीच्या रस्त्यावरच्या खेड्यांतून व्हॅनने येणारी शेतकऱ्यांची. जूनमध्ये नोकरदारांची मुलं 'मला' म्हणतात आणि शेतकऱ्यांची 'मले'. दिवाळीपर्यंत सगळीच 'मले' म्हणायला लागतात. वर्षानुवर्षं माझ्या लाल पेनाची निम्मी शाई 'ले'चा 'ला' करण्यात गेली आहे.

त्या वर्षी शाळा सुरू होऊन आठवडा झाला असेल. संचालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. शाळा त्यांच्या मालकीची, स्वभावाने माणूस चांगला, पण त्यांना सुट्टीत काहीतरी सुचतं आणि ते जूनमध्ये आमच्यावर येऊन पडतं.

"मॅडम, तुमचं एम.ए. कशात झालं आहे?"

"मराठीत, सर."

"म्हणजे भाषेत."

"मराठी भाषेत."

"तेच म्हणून राह्यलो मी. यंदापासून आपण फॉरेन लँग्वेज सुरू करतोय. स्पॅनिश. तिसरी-चौथीला. तुम्ही घ्या."

"सर, मला स्पॅनिश येत नाही."

"इथे कोणाला येते?" संचालक म्हणाले.

प्रश्न रास्त होता. मग त्यांनी समजावून सांगितलं. गावातल्या एका शाळेने फ्रेंच घेतली होती, दुसरीने जर्मन. राहिली स्पॅनिश. मी जपानीचं नाव काढून पाहिलं, तर म्हणाले, जपानीत अक्षरं फार असतात, पालक घाबरतील. बाहेर आले तेव्हा कळलं की चर्चेला तसा काही अर्थच नव्हता. फाटकावर फ्लेक्स लागलेला होता. त्यावर मोठी टोपी घातलेलं एक गोरं मूल, एक गिटार आणि शिंगं उगारलेला एक काळा बैल.

घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं. ते कचेरीत आहेत आणि कचेरीतून आल्यावर अर्धा तास पेपराच्या मागे असतात.

"अहो, मला स्पॅनिश शिकवायची आहे."

"कोणाला?"

"मुलांना."

"आणि तुला कोण शिकवणार?"

मला शिकवायला शेवटी मोबाइलवरची एक मेक्सिकोची मुलगी मिळाली. पिवळ्या भिंतीसमोर उभी राहून ती एकेक वाक्य तीनतीनदा म्हणायची आणि कधी दमायची नाही. मोबाइल मी पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायचे आणि पोळ्या लाटता लाटता तिच्यामागे म्हणायचे. ओला. मे यामो. ग्रासियास. नवरा एकदा पाणी प्यायला आत आला आणि म्हणाला, "पोळ्या नीट होतायत, पण तू भांडतेयस कोणाशी?"

पहिल्या तासाला मी मुलांना खरं तेच सांगितलं. मलाही ही भाषा येत नाही, आपण मिळून शिकू, मी तुमच्यापेक्षा एखादा धडा पुढे असेन एवढंच. मुलांना यात काही वावगं वाटलं नाही. फक्त चौथीतल्या एका मुलीने हात वर केला. दोन घट्ट वेण्या, लाल फिती, घाटंजीच्या रस्त्यावरच्या खेड्यातून येणारी. वडिलांचं कापूस-तुरीचं वावर होतं आणि घरी बैलजोडी होती. ही मुलगी प्रश्न विचारते तेव्हा उत्तर आधी तपासून घ्यावं लागतं, हे मला पहिलीपासून माहीत होतं.

"मॅडम, तुमी नापास झाल्या तं?"

"तर पुन्हा तिसरीत बसेन."

"बसजा. आमच्या बाकावर जागा हाय."

सुरुवातीचे दिवस मजेत गेले. मुलं अशी भाषा पहिल्यांदाच शिकत होती, जी वर्गातल्या कोणाच्याच घरी येत नव्हती. कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही. इंग्रजीच्या तासाला खाली बघून बसणारी मुलं इथे बाकावर उभी राहून रंगांची नावं ओरडायची. अडचणी आल्या त्या घरच्या माणसांकडून. स्पॅनिशमध्ये 'माझं' म्हणजे 'मी' आणि आई म्हणजे 'मामा', जोर शेवटच्या अक्षरावर. चौथीतली एक मुलगी घरी गेली आणि आजीसमोर आईच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाली, "मी मामा." आजी म्हणाली, "तू कायची मामा वो? तू तं पोरगी हायेस." तिसरीतल्या एकाने पाहुण्यांसमोर बापाची ओळख करून दिली. बाप म्हणजे 'पापा', त्यातही जोर शेवटी द्यायचा असतो, नाहीतर त्या मेक्सिकोच्या मुलीकडे त्याचा बटाटा होतो. त्याने जोर सुरुवातीला दिला. माझा बटाटा मोठा आहे, असं ते वाक्य झालं. सुदैवाने त्या घरात ते फक्त त्यालाच कळत होतं, आणि त्यालाही कळलं नव्हतं.

सगळ्यात मोठी पंचाईत माझीच झाली. भाज्यांचा धडा होता. कांदा झाला, टमाटा झाला, मग मी लसणाचं चित्र काढलं आणि फळ्यावर शब्द लिहिला. त्याचा उच्चार होतो 'आहो'. मी तो आदल्या रात्री मन लावून पाठ केला होता आणि तेव्हा काही लक्षात आलं नव्हतं. वर्गाने पाचसहा वेळा मोठ्याने म्हटला. तेवढ्यात मी घरी विसरलेला डबा घेऊन नवरा फाटकातून आत आला. मी व्हरांड्यात गेले आणि सवयीने हाक मारली, "अहो, इकडे, इकडे."

मागे वर्गात जे हसू फुटलं ते शेजारच्या दोन वर्गांपर्यंत गेलं. एक मुलगा बाकाखाली घसरला. नवरा डबा हातात धरून उभा, शर्टाची बटणं बघतोय, केस चाचपतोय.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"मॅडम तुमाले लसूण म्हणते," वेण्यांवाली खिडकीतून म्हणाली.

संध्याकाळी त्यांनी पेपर बाजूला ठेवला, असं क्वचितच होतं. म्हणाले, "वीस वर्षं हाक मारतेस. कांदा म्हटलं असतंस तर मान तरी जरा मोठा वाटला असता."

त्यानंतर दोनतीन दिवस मी त्यांना हाकच मारू शकले नाही. नुसती समोर जाऊन उभी राहायचे.

पुढे एक धडा असा आला की मी मराठीची बाई असल्याचं सार्थक झालं. आवडीनिवडीचा धडा. आमच्या इंग्रजीच्या मॅडमही उत्सुकतेपोटी मागच्या बाकावर येऊन बसायच्या. त्या या धड्याला अडल्या. इंग्रजीत मी आंब्याला आवडवते, मी कर्ता. स्पॅनिशमध्ये आंबाच कर्ता होऊन बसतो. मे गुस्ता एल मांगो. आंबे अनेक झाले की क्रियापद बदलतं, मे गुस्तान लोस मांगोस. इंग्रजीच्या मॅडम म्हणाल्या, "हे उलटं आहे." पण आमची मुलं एका दमात पार झाली. मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात. त्यांना त्यात शिकण्यासारखं काही आहे असंच वाटेना.

"मॅडम," वेण्यांवाली म्हणाली, "मे म्हणजे मले ना?"

"हो."

"मंग 'मले'मधला म आन ए दोन्ही त्याईच्याइथंबी हाय. तुमच्या 'मला'मधला नुसता म."

मी फळ्याकडे वळले, कारण मला हसू आलं होतं. त्या दिवशी वह्या तपासताना दोनतीन 'मले' मी तसेच सोडून दिले. पेन उचललं होतं, पण मन झालं नाही.

इतकं सगळं सुरळीत चाललेलं असताना संचालकांनी पुन्हा बोलावलं. "मॅडम, नुसती भाषा नको. कल्चर पण घ्या. फ्लेक्सवर बैल आहे, पालक विचारतात तो कशासाठी आहे."

म्हणून मी बैलांच्या झुंजीचा धडा घेतला. दिवस मात्र अगदी चुकीचा निवडला. पोळा होऊन चार दिवस झाले होते. निम्म्या मुलांच्या नखांत अजून शिंगांचा रंग होता. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्याने मळतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशी जेवायला यायचं आवतण देतात. माणसाला देतात तसं, तोंडाने बोलून. दुसऱ्या दिवशी बैल दारात येतो आणि पुरणपोळी खातो. अशा मुलांसमोर मी चित्र लावलं आणि सांगायला लागले. मोठं गोल मैदान असतं, लोक तिकीट काढून बसतात, एक माणूस चकचकीत कपडे घालून येतो, त्याच्या हातात लाल कापड असतं, शेवटी तलवार असते.

"त्यानं काय केलं होतं?" वेण्यांवालीने विचारलं.

"कोणी?"

"बैलानं."

"त्याने काही केलं नव्हतं."

"मंग मारते कायले?"

"तशी पद्धत आहे त्यांच्याकडे. तो माणूस फार शूर समजला जातो."

"तलवार तं त्याच्या हाती हाय," ती म्हणाली. "बैलाच्या हाती काय हाय?"

माझी मेक्सिकोची मुलगी याविषयी काहीच बोलली नव्हती. तिसरीतल्या एका मुलीच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं, म्हणून मी चित्र गुंडाळलं आणि पटकन दुसऱ्या सणावर आले. एका गावात लोक एकमेकांना टमाटे फेकून मारतात, हे गमतीचं वाटेल असा माझा अंदाज होता.

"भेदरं?" एक मुलगा म्हणाला. आमच्याकडे टमाट्याला भेदरं म्हणतात. "खायाचे भेदरं? मंग भाजीत काय टाकते?"

स्पेनची अब्रू आता काही वाचत नाही, असं मला वाटलं. शेवटचा उपाय म्हणून मी सियेस्ताबद्दल सांगितलं. ऊन फार असतं, म्हणून दुपारी जेवून तिकडची माणसं दुकान बंद करून झोपतात आणि संध्याकाळी पुन्हा उठून कामाला लागतात. वर्गात एकदम जान आली. हे त्यांना मान्य होतं. यवतमाळचा मे महिना ज्याने पाहिला आहे त्याला हे कोणी शिकवायला नको.

"आमचे आबाजी स्पॅनिशच हायेत," भेदरंवाला मुलगा म्हणाला.

तास संपल्यावर वेण्यांवाली टेबलापाशी आली.

"मॅडम, मारणं ले काय म्हणते त्याईच्यात?"

"कशाला पाहिजे तुला?"

"मच्छर मारायले."

मी तिला शब्द सांगितला. तिने तो दोनदा म्हटला आणि गेली.

डिसेंबरात कापूस वेचणीच्या दिवसांत संचालकांचा मला सकाळी सातला फोन आला. त्यांच्या एका मित्राची लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कापसातून सरकी काढायची जिनिंग आहे. त्या मित्राकडे एक परदेशी बाई आली होती, कापडाच्या धंद्यातली. घाटंजीकडच्या काही शेतकऱ्यांचा बिनऔषधाचा कापूस बघायला आली होती. "मॅडम, बाई स्पेनची आहे," संचालक म्हणाले. "मी तिला उद्या शाळेत बोलावलं. मी सांगितलं, आमची मुलं फाडफाड बोलतात."

मी विचारलं, "सर, काय फाडफाड बोलतात?"

"ते तुम्ही बघा," ते म्हणाले.

त्या रात्री नवऱ्याने पेपर वाचला नाही. हातात माझी वही घेऊन ते मला प्रश्न विचारत बसले आणि त्यांचे उच्चार इतके वाईट होते की मला माझे बरे वाटायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत पोचले तर दाराशी नवा फ्लेक्स. संचालकांनी इंटरनेटवरून स्वागताचा शब्द, 'बिएनवेनिदो', शोधून परस्पर छापून आणला होता. अक्षरं हातभर उंच. वेण्यांवाली आधीच त्याच्यासमोर उभी होती.

"मॅडम, बाई येऊन राह्यली ना?"

"हो."

"मंग शेवटी ओ कसा? ओ तं माणसाले लावते. बाईले ए पाह्यजे."

बरोबर होतं. मीच शिकवलं होतं. संचालकांना सांगितलं, तर म्हणाले, "एका अक्षराने काय होते?" इंग्रजीच्या मॅडम म्हणाल्या, "सर, उद्या तुमच्या सत्काराच्या फ्लेक्सवर 'श्रीमती' लिहिलं तर?" मग स्टूल आलं, पांढरा कागद आला, काळं स्केचपेन आलं. 'बिएनवेनिदा' करायला शेवटच्या 'ओ'वर आम्ही 'ए' चिकटवला. तो थोडा वाकडा बसला आणि वारा आला की फडफडायचा, पण व्याकरण शुद्ध होतं.

बाई साठीच्या असतील. बारीक कापलेले पांढरे केस, अंगात खादीचा कुडता, पायात मातीने भरलेले बूट. औक्षण झालं, शाल झाली, नारळ झाला. नारळ कुठे ठेवायचा ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी तो शेवटपर्यंत कडेवर घेतल्यासारखा धरून ठेवला. त्यांनी फ्लेक्सकडे पाहिलं, वाकड्या ए कडे पाहिलं आणि हसल्या. मग मुलांकडे वळून एक लांब, भरधाव वाक्य बोलल्या.

मला त्यातला फक्त 'मुलं' हा शब्द कळला. मुलं माझ्याकडे बघत होती, संचालक माझ्याकडे बघत होते, जिनिंगवाले मित्र माझ्याकडे बघत होते. मेक्सिकोची मुलगी असं कधीच बोलली नव्हती. मी सरळ सांगून टाकलं, स्पॅनिशमध्ये, की मी पण विद्यार्थिनी आहे, कृपा करून हळू बोला. ते वाक्य माझ्या धड्यात पाठच होतं. बाईंनी मान डोलावली आणि प्रत्येक शब्द वेगळा काढून पुन्हा बोलल्या. त्या आमचे आभार मानत होत्या. फक्त त्या 'ग्रासियास' म्हणत नव्हत्या. त्या 'ग्राथियास' म्हणत होत्या.

पहिल्या रांगेतून स्पष्ट आवाज आला, "बाई बोबडी हाय."

मी डोळे मोठे केले. मलाही तसंच वाटलं होतं आणि मला त्यांच्याबद्दल एकदम आपुलकी वाटायला लागली होती. एवढं व्यंग घेऊन बाई एकटी जगभर हिंडते, असं काहीतरी माझ्या मनात आलं. कार्यक्रम पुढे सरकला. मुलांनी रंग म्हटले. मग अंक म्हणायला तिसरीतला एक मुलगा उठला. त्याचे पुढचे दोन्ही वरचे दात जूनमध्येच पडले होते आणि नवे अजून यायचे होते. जुलैपासून मी त्याचे उच्चार सुधारत होते. पाचाला तो 'सिंको' न म्हणता 'थिंको' म्हणायचा आणि दहाला 'दिएथ'. त्याने एक ते दहा म्हटले, आणि बाई खुर्चीतून उठल्या, नारळासकट त्याच्यापाशी गेल्या आणि त्याचा गाल धरून संचालकांना मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या की सगळ्या वर्गात उच्चार याचा अस्सल आहे. हा अगदी आमच्याकडच्या मुलासारखा बोलतो.

मुलाने तोंड पूर्ण उघडून सगळ्यांना दातांची जागा दाखवली.

नंतर केबिनमध्ये चहा घेताना मला उलगडा झाला. बाईंच्या देशात बहुतेक ठिकाणी सगळे तसंच बोलतात. मेक्सिकोकडे 'स' म्हणतात, तिकडे 'थ'. म्हणजे आठ वर्षांच्या, दात पडलेल्या मुलाचं मी सहा महिने बरोबर असलेलं चूक करत होते.

पण हे नंतरचं. त्याआधी बाईंनी विचारलं, कोणाला मला काही विचारायचं आहे का. वेण्यांवालीचा हात वर गेला. ती उभी राहिली, वेण्या मागे टाकल्या आणि न अडखळता म्हणाली, "पोर के मातान आल तोरो?"

बैलाला का मारता.

मच्छरासाठी घेतलेला शब्द होता तो. मी खाली जमिनीकडे पाहिलं. संचालक माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "काय विचारलं तिने? छान बोलली ना?" मी मान हलवली. दुसरं काय करणार.

बाई मुलीच्या बाकासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि अगदी हळू, तिच्याकडेच बघत म्हणाल्या, "आ मी नो मे गुस्ता."

याचं मला भाषांतर करावं लागलं नाही. सगळ्या वर्गाला कळलं. 'मले आवडत नाही' असं मागच्या बाकावरून कोणीतरी पुटपुटलंसुद्धा. बाई पुढे बोलत राहिल्या, मला तुकडे तुकडे कळत होते. त्यांच्या आजोबांना तो खेळ फार आवडायचा. त्या स्वतः लहानपणी एकदा गेल्या होत्या, रडल्या होत्या, आणि आजोबा चिडले होते. आता त्यांच्या शहरातल्या त्या मैदानाचा मॉल झाला आहे.

"मॉल बरा," वेण्यांवाली माझ्याकडे वळून म्हणाली. मग तिने घरच्या बैलजोडीची माहिती बाईंना द्यायला सुरुवात केली. स्पॅनिश संपल्यावर ती वऱ्हाडीवर आली आणि बाईंना त्याने काही फरक पडला नाही. त्या मान डोलावत ऐकत होत्या. शेवटी ती म्हणाली, "पोळ्याले येजा. जेवाले." आवतण कसं देतात ते मी बाईंना सांगायचा प्रयत्न केला. त्यात मी बैलाला 'तोरो' म्हणाले, तेव्हा त्यांनी मला दुरुस्त केलं. नांगराला जुंपतात तो 'बुएई', तोरो वेगळा. मी खिशातल्या कागदावर लिहून घेतलं.

जाताना संचालकांनी बाईंना विचारलं, शाळा कशी वाटली. त्या म्हणाल्या की त्यांना जगात बऱ्याच ठिकाणी फुलं मिळाली, भाषणं मिळाली, पण असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. संचालकांना ही स्तुती वाटली. तशी ती होतीही.

परीक्षेच्या सुमारास बाईंकडून एक पार्सल आलं. लहान मुलांची तीन पुस्तकं, जाड पुठ्ठ्याची, चित्रांची. पहिलं आम्ही दोन तासांत वाचलं. दुसरं थोडं जड गेलं, पण जमलं. तिसरं मला वाचताच येईना. शब्द ओळखीचे वाटायचे आणि जवळ गेलं की अनोळखी व्हायचे. शेपट्या तुटलेले, मधलीच अक्षरं गळालेले. मी चार रात्री डबा, मोबाइल आणि ते पुस्तक घेऊन बसले. मला वाटलं, जे आलं होतं तेही आता चाललं. नवरा म्हणाला, "वय झालं की होतं असं." त्याचा काही उपयोग झाला नाही.

शेवटी मी पुस्तक वर्गात नेलं आणि मला हे येत नाही, असं सांगितलं. वेण्यांवालीने ते घेतलं, दोन पानं बोट ठेवून वाचली आणि म्हणाली, "मॅडम, हे त्याईची वऱ्हाडी असन."

मी बाईंना मेल पाठवली. उत्तर आलं. त्या बार्सिलोनाच्या, आणि ते पुस्तक कातालान भाषेत होतं. ती त्यांची घरची भाषा, पुस्तक घाईत चुकून त्यात गेलं. पुढे त्यांनी असंही लिहिलं होतं की ती स्पॅनिशची बोली नव्हे, स्वतंत्र भाषा आहे, आणि बोली म्हटलं तर त्यांच्याकडची माणसं फार चिडतात. मी हे सगळं वर्गाला नीट समजावून सांगितलं.

"पण घरी बोलते ना ते?" वेण्यांवालीने विचारलं.

"हो."

"आन शाळेत दुसरी?"

"बाईंच्या लहानपणी तसंच होतं म्हणे."

"मंग तेच म्हणलं मी," ती म्हणाली आणि खाली बसली.

पुढच्या जूनमध्ये फाटकावर रोबोटचा फ्लेक्स लागला. स्पॅनिशला वेळापत्रकात जागा राहिली नाही. मी संचालकांकडे गेले आणि शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास मागितला, ज्यांना यायचं ते येतील. ते म्हणाले, "घ्या ना. पण आता कशासाठी?" मी म्हटलं, मला पुढचा धडा यायला लागलाय. ते त्यांना पुरलं.

वेण्यांवाली तोपर्यंत पाचवीत, गावातल्या मोठ्या शाळेत गेली होती. पहिल्या शनिवारी मी सातआठ मुलांना घेऊन बसले होते, तेवढ्यात ती दारात आली. मागे तिचे वडील. बाजाराला आले होते, तिला मोटरसायकलवर बसवून आणलं होतं. "हे ऐकत नाही जी," ते म्हणाले. "तास होईपर्यंत मी थांबतो." ते मागच्या बाकावर बसले. बाक तिसरीचा, गुडघे छातीला लागत होते. पाऊण तासाने त्यांनी हात वर केला, मुलं करतात तसाच.

"मॅडम, कापसाले काय म्हणते त्याईच्यात?"

"आल्गोदोन."

त्यांनी ते सावकाश म्हणून पाहिलं. पुन्हा म्हटलं. मान हलवली.

"एवढं लांब नाव घेत बसलो तं येचाई कवा होईन?" ते म्हणाले.

मुलं हसली, तेही हसले, आणि मग त्यांनी सरकीला काय म्हणतात ते विचारलं. मला येत नव्हतं. बघून सांगते, असं म्हटलं. पुढच्या शनिवारी ते पुन्हा आले. पोरीला सोडायलाच आलो, असं दारातून सांगितलं, पण या वेळी त्यांनी चष्मा आणला होता.